माशांच्या टाकीतली झाडे का कुजतात?

शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा एखाद्या घरी ठेवलेली माशांची टाकी तुम्ही पाहिलीच असेल. टाकी नवी असते तेव्हा तिच्यातली झाडे किती टवटवीत दिसतात! व्हॅलिस्नेरियाची फितीसारखी लांब पाने पाण्यात डुलत असतात. हायड्रिलाच्या फांद्यांवर हवेचे बारीक बुडबुडे चमकत असतात. दोन-तीन आठवडे जातात. पाने पिवळी पडू लागतात, काहींना भोके पडतात, काहींवर शेवाळ चढते आणि एके दिवशी तळाशी कुजलेल्या पानांचा लगदा साचलेला दिसतो. मग कोणी म्हणते, "खत घाला." कोणी म्हणते, "मोठा दिवा लावा." कोणी सगळे पाणीच बदलून टाकते. शेवटी टाकीत प्लॅस्टिकची झाडे येतात!

झाड मरते त्याला कारण असते आणि ते कारण शोधता येते. ते कसे शोधायचे, हेच या लेखात पाहू.

झाड शोभेपुरते नसते

लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचे रोप ठेवले. झाडाने प्राणवायू द्यावा आणि माशांनी कार्बन डायऑक्साइड द्यावा, म्हणजे दोघांचेही चालेल, अशी त्यांची कल्पना होती. काही दिवस ठीक गेले. पुढे जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, शेवाळ माजले. तेव्हा त्यांनी पात्रात काही गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजके भाग खाऊन टाकले आणि पाणी पुन्हा निवळले. हे निरीक्षण त्यांनी १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. वाढणारे झाड माशांचा मित्र असते. ते प्राणवायू देते आणि माशांच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया शोषून घेते. कुजणारे झाड मात्र याच्या अगदी उलट वागते. कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात आणि पाण्यात अमोनिया सोडतात. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद असते, पण झाडे, मासे आणि जिवाणू या सर्वांचे श्वसन चालूच असते. म्हणून अशा टाकीतले मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. झाडाचा प्रश्न असा माशांच्या जिवाशी येऊन भिडतो.

पिंपाची तोकडी फळी

लाकडी फळ्यांचे एक पिंप डोळ्यांपुढे आणा. त्याच्या सगळ्या फळ्या उंच आहेत, फक्त एक तोकडी आहे. या पिंपात पाणी किती उंचीपर्यंत राहील? तोकड्या फळीपर्यंतच! बाकीच्या फळ्या आणखी उंच केल्या तरी एक थेंबसुद्धा जास्त मावणार नाही.

झाडाच्या वाढीचेही असेच असते. कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८ च्या सुमारास शेतातल्या पिकांसाठी हा नियम मांडला आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी तो १८४० नंतर सर्वत्र पोहोचवला. गरजेच्या मानाने जो घटक सर्वांत कमी असतो, तोच वाढीचा वेग ठरवतो. १९०५ साली इंग्लंडमधील एफ. एफ. ब्लॅकमन यांनी हाच विचार प्रकाशसंश्लेषणाला लावून दाखवला. प्रकाश कमी असेल तर कार्बन डायऑक्साइड वाढवून उपयोग नाही, आणि कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर प्रकाश वाढवून उपयोग नाही.

टाकीत तर वायफळ दिलेली गोष्ट नुसती वाया जात नाही, ती शेवाळाला मिळते. म्हणून काहीही घालण्याआधी तोकडी फळी कोणती, हे ओळखले पाहिजे.

पहिली फळी : प्रकाश

प्रकाश अपुरा असला की खोड उंच आणि किरकोळ होते, दोन पानांमधले अंतर वाढते आणि खालची पाने गळतात. झाड जणू मान वर करून उजेड शोधत असते. अशा टाकीला रोज ८ ते १० तास, ठरावीक वेळी, दिव्याचा प्रकाश द्यावा. साधा पांढरा एलईडी दिवाही चालतो. दिव्याखालची काच मात्र स्वच्छ हवी, कारण तिच्यावर साचलेला क्षार बराच प्रकाश अडवतो.

टाकी खिडकीतल्या थेट उन्हात ठेवू नये. तिथे शेवाळ माजते आणि पाणीही तापते. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. त्याच वेळी उष्णतेमुळे झाडांचे आणि माशांचे श्वसन वाढते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत ही गोष्ट विशेष सांभाळावी.

दुसरी फळी : कार्बन

झाडाच्या सुक्या वजनाचा फार मोठा भाग कार्बनचा असतो. हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के, म्हणजे थोडेच असते. त्यात पाण्यामधून तो हवेच्या मानाने जवळजवळ दहा हजार पट सावकाश पसरतो. पानाला चिकटून स्थिर पाण्याचा एक पातळ थर असतो. त्या थरातला वायू पान शोषून घेते आणि नवा लवकर पोहोचत नाही. पाणी हळूहळू खेळते ठेवले तर हा थर पातळ होतो. लहानशा पंपाचा एवढाही उपयोग मोठा असतो.

पण एकाच टाकीत हायड्रिला फोफावतो आणि शेजारचा कॅबोंबा झडून जातो, असे का? विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या जड पाण्यात मुक्त कार्बन डायऑक्साइड फारसा नसतो, पण बायकार्बोनेट भरपूर असते. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया यांना या बायकार्बोनेटमधून कार्बन घेता येतो. कॅबोंबाला ते जमत नाही. तेव्हा जड पाणी असेल तर त्यात तग धरणारी झाडे निवडणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.

तिसरी फळी : पोषक द्रव्ये

माशांचे खाद्य हेच शेवटी झाडांचे खत होते. त्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस बहुधा पुरेसे मिळतात. पोटॅशियम आणि लोह हे मात्र पुष्कळदा कमी पडतात. काय कमी आहे, हे पानेच सांगतात. पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या, एवढे आधी पाहा.

घरात अन्न कमी पडले तर मोठी माणसे आपल्या ताटातले काढून लहानांना देतात. नायट्रोजन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांच्या बाबतीत झाड असेच करते. ही द्रव्ये जुन्या पानांतून काढून ते कोवळ्या पानांना पुरवते. म्हणून यांची उणीव जुन्या पानांवर दिसते. सबंध जुने पान फिकट पडून गळत असेल तर नायट्रोजनची शंका घ्यावी. कडा पिवळ्या-तपकिरी होऊन पानाला बारीक भोके पडत असतील तर पोटॅशियमची, आणि जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियमची.

लोह मात्र एकदा पानात गेले की सहसा हलत नाही. त्यामुळे लोहाची उणीव कोवळ्या पानांवर दिसते. ती पांढरट-पिवळी निघतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी अल्कधर्मी असेल तर लोह असूनही झाडाला घेता येत नाही.

दर आठवड्याला टाकीतले पाव भाग पाणी बदलावे. नव्या पाण्याबरोबर काही क्षार येतात. एवढ्याने भागले नाही तर टाकीतल्या झाडांसाठी मिळणारे खत, सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करावे. बागेतला युरिया चुकूनही घालू नये. त्याचा अमोनिया होतो आणि मासे मरतात.

लावण्यातही चूक असते

व्हॅलिस्नेरियाची मुळे वाळूत हवीत, पण पाने जिथून फुटतात तो भाग वाळूच्या वर राहिला पाहिजे. तो गाडला गेला की कुजतो. जावा फर्न आणि अनुबियास यांचे आडवे खोड तर वाळूत पुरूच नये. ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे.

पुष्कळ रोपवाटिकांत ही झाडे ओल्या हवेत, पाण्याबाहेर वाढवलेली असतात. ती टाकीत आली की जुनी पाने गळतात आणि पाण्याला योग्य अशी नवी पाने फुटतात. क्रिप्टोकोरिनची पाने तर पाणी बदलताच काही दिवसांत विरघळल्यासारखी होतात. या वनस्पतीच्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही सापडतात. पाने गेली तरी मुळे घट्ट आणि पांढरट असतील तर झाड जिवंत आहे. गळकी पाने काढून टाका आणि तीन-चार आठवडे थांबा. झाड रोज उपटून पाहू नका!

करून पाहा

आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी हायड्रिलाच्या बुडबुड्यांवरून प्रकाशसंश्लेषणाचा वेग नोंदणारे यंत्र तयार केले आणि आपले संशोधन १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याच वनस्पतीवर तुम्हीही प्रयोग करू शकता.

चंचुपात्रात पाणी घेऊन त्यात हायड्रिलाची ताजी फांदी, कापलेले टोक वर करून, बुडवा. खोलीत अंधार करा. टेबलावरचा दिवा ६० सेंटिमीटरवर ठेवा. पाच मिनिटे थांबून एका मिनिटातले बुडबुडे मोजा. मग दिवा ३० आणि नंतर १५ सेंटिमीटरवर आणून तसेच मोजा. अंतर निम्मे केले की प्रकाश सुमारे चौपट होतो. बुडबुडेही चौपट झाले का? दिवा आणखी जवळ आणून बुडबुडे वाढेनासे झाले, की पाण्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट टाका आणि पुन्हा मोजा. दिवा आणि पात्र यांच्यामध्ये पाण्याने भरलेली काचेची बरणी ठेवा, म्हणजे उष्णतेचा परिणाम मिसळणार नाही. तोकडी फळी बदलते कशी, हे तुमचे आकडेच तुम्हाला सांगतील. मात्र सोडा पात्रातच टाका, माशांच्या टाकीत नको.

टाकीतही हीच शिस्त पाळा. एका वेळी एकच बदल करा, दोन आठवडे थांबा, नव्या पानांची नोंद वहीत ठेवा. दिवा, खत आणि पाणी एकाच दिवशी बदलले तर झाड सुधारले तरी कशाने सुधारले, हे कळणार नाही.

आणि एक विनंती. झाडे जोमाने वाढू लागली की छाटावी लागतील. त्या फांद्या ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नका. आपल्याकडचा हायड्रिला १९५० च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडात पोहोचला आणि तिथले कालवे नि तळी त्याने भरून टाकली. छाटलेल्या फांद्या उन्हात पूर्ण वाळवा आणि शाळेच्या बागेतल्या खतखड्यात टाका. टाकीत पानांच्या रूपाने साठलेले नायट्रोजन आणि पोटॅशियम मग बागेतल्या झाडांना मिळेल.