मृगाआधी कौले चाळावीत

माझे माहेर बेळगावचे, सासर निपाणीचे. माहेरी कन्नड बायबल, सासरी मराठी. लग्नानंतर रोज रात्री जेवणे झाली की एकच अध्याय सासूबाई मराठीत वाचायच्या आणि मी कन्नडमध्ये. एका भाषेत अडलेला अर्थ दुसरीत सापडायचा. एकदा मी विचारले, ''सगळे ठीक असताना रोज कशाला?'' त्या म्हणाल्या, ''अगं, मृग लागल्यावर कौले चाळायला कोण चढतं?''

मत्तयाच्या सातव्या अध्यायात दोन घरे आहेत. एक खडकावर, दुसरे वाळूवर. पाऊस, पूर, वारा दोन्हींना सारखाच, फरक पायाचा.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपल्या जवळचे. १८५८ मध्ये कर्नाटकातील गंगामूळ येथे मराठी घरात त्या जन्मल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मूळ भाषांतून बायबल मराठीत आणले. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, त्याआधी भाषांतर पुरे झाले होते.

सहा वर्षांपूर्वी माझे यजमान अचानक गेले. त्या रात्री पुस्तक उघडण्याचेही बळ नव्हते. तेविसावे स्तोत्र मात्र दोन्ही भाषांत पाठ होते. दुःख कमी झाले नाही. पण सासूबाईंचा हात धरून पहाट गाठता आली.

आता वाचायला लेक बसते. रोज दहाच ओळी, पण मोठ्याने. घर शांत आहे, तोवरच सुरुवात करावी.