आख्यानाचा तिसरा प्रहर

गोंधळाला जाऊन आलेल्या माणसाला ‘काय ऐकलंत?’ असे विचारले, तर तो बहुधा संबळाचा ठेका, पेटलेला पोत आणि देवीची पदे यांच्याबद्दल सांगतो. हाच प्रश्न गोंधळ्याला विचारला, तर तो आख्यानाचे नाव घेतो. या दोन उत्तरांतले अंतर समजून घ्यायचे, तर गोंधळाची रात्र कशी बांधलेली असते हे आधी पाहावे लागते.

गोंधळ्यांत रेणुराई आणि कदमराई असे दोन मुख्य भेद आहेत. रेणुराई माहूरच्या रेणुकेचे उपासक, तर कदमराई तुळजापूरच्या भवानीचे. लग्नकार्यानंतर कुळाचार म्हणून गोंधळ घातला जातो, तेव्हा अंगणात चौक भरतात. कोऱ्या वस्त्रावर धान्य, कलश, नारळ आणि विड्याची पाने मांडतात, दिवटी पेटवतात. पायघोळ झगा आणि कवड्यांच्या माळा घातलेला नायक उभा राहतो. साथीला संबळ, तुणतुणे आणि झांज. गण झाला की आवाहन सुरू होते. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर अशा ठिकाणच्या दैवतांना नावे घेऊन बोलावले जाते. यजमानाचे कुलदैवतही त्यात असते. हा पूर्वरंग. पदे छोटी, लय चढी. मुलेबाळे अजून जागी असतात.

उत्तररंगात आख्यान लागते आणि लय उतरते. नायक चार वाक्ये गद्यात बोलतो, मग पदात शिरतो. साथीदार भोळेपणाचा आव आणून मध्येच प्रश्न विचारतो. त्या प्रश्नाला उत्तर देताना कथेला फाटा फुटतो, कधी गावातल्या कुणाची थट्टाही होते, आणि नायक पुन्हा मूळ कथेवर येतो. नवख्या श्रोत्याला हे पाल्हाळ वाटते. पण आख्यान पुढे सरकते ते याच प्रश्नोत्तरांतून. समोरचे श्रोते पेंगत आहेत की सरसावून बसले आहेत, हे पाहून नायक कथा लांबवतो किंवा आटोपती घेतो.

जांभूळ आख्यानाचे उदाहरण घेऊ. त्याच्या एका प्रचलित रूपात कर्णाला पाहून द्रौपदीचे मन क्षणभर ढळते. ते कृष्ण ओळखतो आणि सर्वांना वनात नेतो. तिथे झाडावरचे एकुलते एक जांभूळ तोडले जाते. ते नेमके एका ऋषीच्या आहाराचे निघते. ते देठाला परत लागायचे, तर प्रत्येकाने मनातले खरे सांगायला हवे. पांडव एकेक करून सांगतात, तसतसे जांभूळ वर चढत जाते. द्रौपदीची पाळी येते, ती आडपडदा ठेवते, आणि जांभूळ अडते.

हे सांगितले जाते कुठे, तर लग्नघरात. नवी सूनही ऐकत बसलेली असते. पतिव्रतेच्या मनातही दुसरा पुरुष येऊ शकतो आणि ते कबूल केल्याने तिचे काही उणे होत नाही, ही गोष्ट त्या घरात दिवसाउजेडी कोण बोलेल? मुले झोपलेली, पाहुणे पांगलेले, दिवटीचा उजेड तेवढा मधोमध, अशा तिसऱ्या प्रहरी ती देवीच्या साक्षीने बोलता येते. माझ्या मते आख्यान रात्री उशिरा लागण्याला केवळ सवय कारण नाही. त्यातला आशयच ती वेळ मागतो.

आज अडचण इथेच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना बंद केली. आजाऱ्याची झोप आणि मुलांचा अभ्यास पाहता त्या नियमाला नावे ठेवता येत नाहीत. शिवाय मंगल कार्यालय ठरावीक वेळेला रिकामे करायचे असते आणि सकाळी कामाची पाळी असते. मग गोंधळ संध्याकाळी सातला उभा राहतो आणि दहाच्या आत आरती होते. कात्री लागते ती आख्यानाला. गण चुकवता येत नाही, आवाहन टाळता येत नाही, पदांची तर फर्माईश होते.

रंगमंचाने काही आख्याने जगवली, हेही खरे. शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांनी जांभूळ आख्यान नाट्यगृहात नेले आणि गोंधळाशी कधी संबंध न आलेल्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. पण नाट्यगृहात प्रेक्षक तिकीट काढून, अंधारात, अनोळखी माणसांच्या शेजारी बसतो. अंगणात सासू आणि सून एकाच सतरंजीवर बसून तीच कबुली ऐकतात. कथा तीच राहिली, तरी ती कुणाच्या शेजारी बसून ऐकली याने तिचे काम बदलते.

म्हणून गोंधळाचे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना एक सांगणे आहे. पदे पुष्कळ जमली आहेत. आता साथीदाराचे प्रश्न, फाटे आणि मधली थट्टा यांच्यासकट सबंध आख्यान टिपावे. ते किती वाजता लागले आणि समोर कोण बसले होते, तेही लिहून ठेवावे. आणि घरी गोंधळ घालणाऱ्यांनी एक करावे. संबळाला अंगणापुरता ध्वनिक्षेपक लागत नाही, आणि दहानंतर ठेका थांबवून नुसते सांगणे चालू ठेवता येते. गोंधळ्याला बिदागी ठरवताना ‘किती तास?’ असे विचारण्याऐवजी ‘आख्यान कोणते लावणार?’ असे विचारावे. विचारणारेच उरले नाहीत, तर नायकाला ते पाठ ठेवण्याचे कारणही उरत नाही.