जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन बसत नाही? आधी कारण शोधा

मुले संगणकावर अभ्यास करत असतात, कुणी कुरआनची तिलावत ऐकत असते आणि मध्येच पडद्यावर अशी जाहिरात झळकते की सगळ्यांनाच नजर वळवावी लागते. म्हणून अनेक पालक ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन घालू पाहतात. ते बसले नाही की घाईघाईत भलत्याच ठिकाणाहून काहीतरी डाउनलोड केले जाते. खरा धोका तिथे आहे.

सर्वांत नेहमीचे कारण पाहू. ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे एक्स्टेन्शन वर्षानुवर्षे क्रोममध्ये चालत होते. ते ‘मॅनिफेस्ट व्ही 2’ या जुन्या पद्धतीवर बांधलेले आहे आणि 2025 मध्ये क्रोमने या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केली. त्यामुळे कितीही प्रयत्न केला तरी नव्या क्रोममध्ये ते बसणार नाही. यात आपल्या संगणकाचा दोष नाही. क्रोमसाठी त्याच निर्मात्याचे ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ घ्यावे किंवा फायरफॉक्स ब्राउझर वापरावा. तिथे मूळ एक्स्टेन्शन चालते.

तरीही अडचण असेल तर क्रमाने पाहा :

1. ब्राउझर जुना आहे का? विंडोज 7 आणि 8.1 वर क्रोमची 109 ही शेवटची आवृत्ती आहे. नवी एक्स्टेन्शन्स बरेचदा तिला नाकारतात.

2. संगणकाची तारीख आणि वेळ बरोबर आहे का? ती चुकली असेल तर सुरक्षित संकेतस्थळेच नीट उघडत नाहीत.

3. क्रोमची ‘गेस्ट’ खिडकी उघडली आहे का? तिच्यात एक्स्टेन्शन घालता येत नाही.

4. मुलाचे खाते ‘फॅमिली लिंक’खाली आहे का? मग पालकांची परवानगी लागू शकते.

5. संगणक शाळेचा किंवा ऑफिसचा आहे का? तिथल्या व्यवस्थापकाने बंदी घातलेली असू शकते. ती वस्तू आपल्याकडे अमानत आहे. पळवाट न शोधता त्यांनाच विचारावे.

6. मोबाइल वापरताय का? अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसत नाही, फायरफॉक्समध्ये बसते.

एवढे करूनही जमले नाही तर ब्राउझर अद्ययावत करून संगणक पुन्हा सुरू करावा. अँटिव्हायरस मात्र बंद करू नये.

एक्स्टेन्शन नेहमी ब्राउझरच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे. तिथेही डोळे उघडे हवेत. 2018 मध्ये क्रोमच्या स्टोअरमध्येच जाहिराती रोखणाऱ्या साधनांचे सोंग घेतलेली बनावट एक्स्टेन्शन्स सापडली होती आणि ती दोन कोटींहून अधिक जणांनी घेतली होती. म्हणून निर्मात्याचे नाव अक्षर न् अक्षर तपासावे. ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ अशी परवानगी मागितली जाते, तेव्हा बँकेचे पानही त्यात येते, हे ध्यानात असू द्यावे.

सूरह अल-हुजुरातमध्ये (49:6) आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘इथून डाउनलोड करा’ या लिंकलाही हीच सवय लावून घेतली तर घराचे मोठे नुकसान टळेल.

आणि शेवटी, एक्स्टेन्शन जाहिरात अडवील, पण नजरेची हया शिकवणार नाही. ती तरबियत आई-वडिलांनाच करावी लागते.