ओझरचा कारखाना आणि शेजाऱ्यांचे वैर

सीमेवर तणाव वाढला की नाशिककरांस तो दूरचा विषय वाटतो. वस्तुतः आपल्या जिल्ह्यातील ओझर हे शेजारी राष्ट्रांच्या वैरामुळेच देशाच्या नकाशावर आले, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

१९६१ मध्ये पाकिस्तानला अमेरिकेकडून ध्वनीहून वेगवान अशी एफ-१०४ लढाऊ विमाने मिळाली. तेव्हा भारत सोव्हिएत संघाकडे वळला व १९६२ मध्ये मिग-२१ विमाने देशातच बांधण्याचे ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनशी युद्ध जुंपले. युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा ओझर येथील विभाग स्थापन झाला. विमानाचा सांगाडा येथे, इंजिन ओडिशातील कोरापुट येथे व इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती.

दैवदुर्विलास असा, की मिगचा आराखडा चीनच्याही हाती होता. त्यावरून चीनने एफ-७ विमान तयार केले आणि तेच पुढे पाकिस्तानने घेतले. एकाच आराखड्याची भावंडे सीमेच्या दोन्ही बाजूंस उभी राहिली! भारतीय वायुदलातील मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी निरोप देण्यात आला.

मिगनंतर ओझरने रशियन परवान्याखाली दोनशेहून अधिक सुखोई-३० विमाने बांधली. ती मागणी पूर्ण होत आल्यावर पुढे काम काय, ही चिंता कामगारवस्तीत होती. येथील रोजगार दूरच्या राजधान्यांतील निर्णयांवर अवलंबून असतो. रशिया २०२२ पासून युक्रेनशी युद्धात गुंतला; तेजसची इंजिने अमेरिकेहून येतात व ती येण्यास मोठा विलंब झाला. उलट पाकिस्तानने २०२२ मध्ये चीनची जे-१०सी विमाने घेतली, तसा इकडे नव्या विमानांचा आग्रह वाढला. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा करार झाला. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले.

शांततेसाठी प्रार्थना होणाऱ्या घरातच नव्या मागणीचीही वाट पाहिली जाते, हे आम्हांस अस्वस्थ करते. परंतु त्याचा दोष त्या कामगारास देता येणार नाही. म्हणूनच २०२३ मध्ये एअरबसशी झालेला करार आम्हांस महत्त्वाचा वाटतो. त्यानुसार प्रवासी विमानांच्या देखभालीची सोय नाशिकला व्हावयाची आहे.