तुणतुण्याची पारख

एखादा मनुष्य तीच ती गोष्ट पुनःपुन्हा सांगू लागला, म्हणजे ‘त्याचे तुणतुणे सुरू झाले’ असे आपण म्हणतो. या म्हणण्यात तुणतुण्यावर थोडा अन्यायच होतो. एकच स्वर न ढळता देत राहणे, हेच तर त्याचे काम!

जालना जिल्ह्यात अंबड येथे मत्स्योदरी देवीचे मंदिर असून नवरात्रात तेथे यात्रा भरते. देवीच्या गोंधळात संबळाच्या जोडीला तुणतुणे असते. पोवाडा गाणाऱ्या शाहिराचा झीलकरीही तेच छेडतो. गाणारा आपला षड्ज त्यावरून धरतो. तुणतुणे उतरले, की गाणाराही नकळत उतरतो; ते फार चढे लावले, तर पहाटेपर्यंत गळा टिकत नाही. म्हणून हे वाद्य स्वस्त असले, तरी पारखूनच घ्यावे.

तुणतुणे म्हणजे लाकडाचे एक पोकळ नळकांडे. त्याचे वरचे तोंड उघडे असते व तळाशी कातडे मढविलेले असते. बाजूस बांबूची काठी व तिच्या शेंड्याला खुंटी असते. कातड्याच्या मध्यातून निघालेली तार खुंटीपर्यंत जाते.

प्रथम खुंटी पाहावी. ती घट्ट फिरली पाहिजे आणि हात काढताच जागच्या जागी राहिली पाहिजे. खुंटी सैल असेल, तर बाकीचे सारे गुण व्यर्थ होत. काठी चांगली वाळलेली असावी; ओला बांबू ताणाने वाकतो. तार जेथे कातड्यात ओवलेली असते, तेथे खालून लाकडाचा किंवा चामड्याचा लहानसा तुकडा हवा. नाहीतर सारा ताण एका छिद्रावर येऊन कातडे फाटते.

जुळविताना खुंटी हळूहळू पिळावी. तारेची कंपने दुप्पट व्हायची, तर ताण चौपट करावा लागतो, हा नियम फ्रान्समधील मर्सेन या विद्वानाने १६३६ साली ग्रंथात मांडला. उतावळ्या हातात तार तुटते, ती यामुळेच. नवी तार ताणली जाऊन उतरते, तेव्हा ती दोनतीनदा पुन्हा लावावी.

मग खरी परीक्षा. तुणतुणे पेटीच्या स्वराशी मिळवावे, पाव तास छेडावे आणि पुन्हा पेटीशीच ताडून पाहावे. गळ्याशी ताडून उपयोग नाही. कारण तुणतुणे उतरले असेल, तर गळाही त्याच्यामागोमाग उतरलेला असतो!

पावसाळ्यात कातडे ओलावा शोषून सैल पडते व स्वर खाली येतो. अशा वेळी नुसती खुंटी पिळत बसू नये. आधी कातडे मंद उबेवर सुकवावे. वाजविणे संपल्यावर तार थोडी सैल करून तुणतुणे कोरड्या जागी टांगून ठेवावे.