बागेची पदवी आणि पाण्याचा उतार

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "सर, मला चित्रकला येते, झाडांचीही आवड आहे. लँडस्केप आर्किटेक्चर शिकायचे आहे. मग अकरावीला गणित सोडले तर चालेल ना?" याचे उत्तर 'नाही' असे आहे. पण ते का, हे समजण्यासाठी आपण थोडे शहराबाहेर फिरून येऊ.

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आग्नेयेला फराहबाग आहे. मधोमध अष्टकोनी महाल आणि सभोवती तलाव अशी ही निजामशाहीतील रचना १५८३ च्या सुमारास पुरी झाली. त्या काळी पंप नव्हते. कापूरवाडी, वडगाव, भिंगार अशा ठिकाणांहून शहराकडे आणि बागांकडे नहरी आणलेल्या होत्या. उगम उंचावर आणि शेवट सखल भागात, एवढ्याच भांडवलावर पाणी मैलोन्‌मैल चालत येई. उतार फार झाला तर पाण्याच्या जोराने नळ फुटतात, कमी झाला तर गाळ साचतो. तेव्हा उंचीचे मोजमाप त्या कारागिरांना अचूक करावे लागले असणार, हे उघड आहे.

आता महालाभोवती पाणी कशाला? शोभेसाठी तर खरेच, पण गारव्यासाठीही. उन्हाळ्यात एक चौरस मीटर पृष्ठभागावरून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडून गेले असे धरा. हे झाले ५ लिटर. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणून एकूण १ कोटी २० लाख ज्यूल. एक हजार वॅटची शेगडी ३ तास २० मिनिटे पेटवली तर जेवढी उष्णता देईल, तेवढी प्रत्येक चौरस मीटरमागे नाहीशी होते! तलावावरून येणारी झुळूक सुखद का वाटत असेल, हे यावरून ध्यानात येईल.

परंतु या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. ते ५ लिटर पाणी गेले ते गेलेच. तलावाची ती खोलगट जागा आज बहुतेक काळ कोरडी असते. आपल्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात उघड्यावर पाणी मांडणे ही चैन आहे. (हल्ली नव्या वसाहतींत कारंजी आणि विलायती हिरवळ पाहिली की मला हाच हिशेब आठवतो.) मग पाणी ठेवायचे कोठे? जमिनीत.

याचे उदाहरण पाहायला हिवरे बाजारला जा. जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाच्या या गावात १९९० नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने डोंगरउतारावर समपातळीत चर खोदले गेले, झाडे लावली गेली, आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली जाऊ लागली. एक हेक्टर उतारावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर २ लाख लिटर पाणी होते. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल आणि १०० मीटर लांब चरात १८ हजार लिटर मावते. म्हणजे काहीच मुरले नाही असे धरले तरी बारा ओळींत सारी सर अडते. शिवाय वेग मोडतो हा लाभ वेगळाच. वाहते पाणी किती वजनाचा दगड ढकलू शकेल, हे स्थूलमानाने वेगाच्या सहाव्या घातावर ठरते. वेग दुप्पट, तर वजन ६४ पट! माती का वाहून जाते, याचे मूळ या ६४ मध्ये आहे.

जमीन, पाणी, झाडे आणि माणसांची ये-जा यांची मोकळ्या जागेत सांगड घालणे म्हणजे लँडस्केप आर्किटेक्चर. तेथे बागकाम हा केवळ एक भाग असतो. झाड लावणेसुद्धा भूमितीचे काम आहे. आपले अक्षांश सुमारे १९. मे महिन्याच्या मध्यास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, तर २२ डिसेंबरला मध्यान्ही त्याची उंची साडेसत्तेचाळीस अंश असते. त्या वेळी ६ मीटर उंच झाडाची सावली उत्तरेस साडेपाच मीटर पडते. शाळेच्या खिडकीपासून लिंब किती अंतरावर लावायचा, हे त्रिकोणमिती जाणणाराच सांगू शकेल.

या व्यवसायाचे नाव रूढ झाले ते न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा (१८५८) करणाऱ्या ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांच्यामुळे. हार्वर्ड विद्यापीठात १९०० साली याचे शिक्षण सुरू झाले. परदेशांत शालेय शिक्षणानंतर थेट या विषयाची पदवी घेता येते. आपल्याकडे मात्र सर्वसाधारण वाट अशी : बारावीला भौतिकशास्त्र व गणित, 'नाटा' ही प्रवेशपरीक्षा, पाच वर्षांची बी. आर्क. पदवी आणि नंतर दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये, तसेच पुण्याच्या भानुबेन नानावटी महिला महाविद्यालयात तो आहे. ज्यांचा ओढा झाडांकडे अधिक, त्यांनी कृषी विद्यापीठातील उद्यानविद्येचा विचार करावा. आपल्या राहुरीला १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहेच. मात्र तेथे भर वनस्पतींवर राहील, चढउतारांच्या आखणीवर नव्हे. घरच्यांशी बोलताना सात वर्षे आणि त्यांचा खर्च यांचाही विचार आताच करा.

ही आखणी आपल्याला रुचते का, हे शाळेच्या मैदानावर तपासता येईल. गवंडी वापरतात तशी दहा मीटर पारदर्शक नळी घ्या. तीत पाणी भरा. हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही टोके उघडी असल्याने दोहोंकडे पाण्याची पातळी एकच राहते. दोन सारख्या काठ्यांना टोके बांधून, जमिनीपासून पाण्याची उंची दोन्हीकडे सारखी येईल अशी ठिकाणे शोधत जा आणि ती फक्कीने जोडा. ही झाली समोच्चरेषा. अशा चार-पाच रेषा आखून कागदावर उतरवा. मोठा पाऊस आला की फक्की धुऊन जाईल, तेव्हा खुंट्या ठोकायला विसरू नका. मग छत्री घेऊन मैदानावर जा, आणि ओघळ तुमच्या रेषांना काटकोनात ओलांडतात की नाही ते पाहा. जेथे ओलांडत नसतील, तेथे नळी पुन्हा लावा.