मुले लिहितात कुणासाठी?

मधल्या सुट्टीत ज्याचे तोंड क्षणभर बंद नसते, तोच सहावीतला मुलगा ‘माझा गाव’ हा निबंध लिहायला बसला की पेन्सिल चावू लागतो. आपण म्हणतो, आळशी आहे. मला तसे वाटत नाही. गुरुजींना गाव ठाऊकच आहे, मग त्यांना सांगायचे कशाला, असा त्याचा सरळ हिशेब असतो.

दक्षिण फ्रान्समधल्या बार-स्यूर-लू या खेड्यात सेलेस्तीं फ्रेने नावाचे शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झालेली. वर्गात फार बोलणे झेपेना. ते मुलांना घेऊन शिवारात हिंडत आणि परतल्यावर पाहिलेले मुलांकडूनच लिहवून घेत. १९२४च्या सुमारास त्यांनी वर्गात लहानसे छापयंत्र आणले. मुले खिळे जुळवीत, आपलाच मजकूर छापीत. पुढे ते कागद दूर ब्रिटनीतल्या एका शाळेला जाऊ लागले, तिकडचे इकडे येऊ लागले. ज्याने आपले गाव पाहिलेच नाही त्याला ते सांगायचे, म्हणजे शब्द शोधावाच लागतो!

आपले छापयंत्रावाचून अडत नाही. शेतांची नावे घ्या. चिंचेचा तुकडा, विहिरीचा मळा, अशी नावे शिवारात असतातच. सातबाऱ्यावर स्थानिक नावाचा रकानाही असतो; पुष्कळदा तो कोरा दिसतो. प्रत्येकाने दोन नावे घरी विचारून, ती का पडली हे सांगणाराच्याच बोलीत लिहून आणावे आणि वर्गात वाचावे. कुणीतरी विचारतोच, “अरे, पण चिंच तोडली कुणी?” मग स्वारी पुन्हा आजीकडे, आणि मजकूर पुन्हा लिहायचा. हे दुसऱ्यांदा लिहिणे मला सर्वांत मोलाचे वाटते.

ज्याच्या घरी जमीन नाही त्याला वगळू नका. त्याची आजी ज्या बांधांवर खुरपायला गेली, त्यांची नावे तिला मालकापेक्षा अधिक ठाऊक असतील.

लाल पेन्सिल मात्र शेवटच्या प्रतीपर्यंत खिशातच राहू द्या. शुद्ध प्रत तयार झाली की वही शिवून एक प्रत शाळेत ठेवावी, दुसरी शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या शाळेला धाडावी. सोबतच्या पत्रात त्या मुलांना एखादा प्रश्न जरूर विचारा, म्हणजे उत्तर येईल.